तुस्कानोंच्या परसातली पवित्र विहीर

परसातला बर्फ सगळीकडे सारखा वितळत नसे. लायलॅकच्या झुडपापासून साडेचार पावलांवर सव्वा मीटर व्यासाचं एक वर्तुळ होतं, आणि तिथला बर्फ आजूबाजूच्या बर्फापेक्षा नऊ ते अकरा दिवस आधी नाहीसा व्हायचा. ज्युडिथ तुस्कानोने हे सलग तीन वर्षं पाहिलं, टेपने मोजलं, तारखांसकट वहीत लिहिलं आणि कोणालाही सांगितलं नाही. नुसत्या तीन वर्षांच्या नोंदींवरून बोलणं तिला उथळपणाचं वाटत होतं.

टोरांटोच्या एका सरकारी प्रयोगशाळेत ज्युडिथने एकतीस वर्षं पिण्याचं पाणी तपासलं. त्या एकतीस वर्षांत ‘पाणी चांगलं आहे’ असं वाक्य तिने एकदाही लिहिलं नाही. ‘तपासलेल्या नमुन्यात दोष आढळला नाही’, असं ती लिहायची. या सवयीचा पाण्याला फायदाच झाला. त्रास झाला तो कॉस्मसला.

कॉस्मस तिचा नवरा. विमानतळावरचे बॉयलर सांभाळून तो रिटायर झाला आणि २०१३ साली मिसिसागातलं घर विकून त्याने बॅलीकोरा नावाच्या खेड्यात एक जुनं घर घेतलं. “आपल्या नंदाखालसारखं वाटतं गं,” तो म्हणाला. बॅलीकोऱ्यात पाच महिने बर्फ असतो आणि वसईतल्या त्या गावासारखी केळी तिथे कोणी लावलेली दिसत नाहीत, हे ज्युडिथने त्याच्या लक्षात आणून दिलं. तेव्हा तोड निघाली: दोन वर्षं राहून बघू, मग राहायचं की परतायचं ते ज्युडिथ ठरवेल. ती दोन वर्षं २०१५ साली संपली. आता २०१७ चा एप्रिल होता आणि ज्युडिथचं उत्तर तेच होतं, “अजून नीट सांगता येत नाही.”

त्यामुळे कॉस्मसने चार वर्षांत परसात एकही झाड लावलं नव्हतं. बेसमेंटमध्ये अकरा खोकी टेप लावलेल्या अवस्थेत उभी होती. लेक डिम्पल दर रविवारी फोनवर “मम्मी, जस्ट डिसाइड, ना!” म्हणायची. प्रयोगशाळेतली जुनी मैत्रीण पद्मजा ओकव्हिलला राहायची आणि तिचा मिसिसागात तळ्याकाठी एक कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, होता. तिने तर तारीखच दिली.

“माझा भाडेकरू ऑगस्टअखेर जातोय. एकतीस तारखेपर्यंत हो म्हण, नाहीतर मी ॲड टाकते. हो की नाही एवढंच विचारतेय गं बाई, थिसिस नाही मागत.”

“बघते,” ज्युडिथ म्हणाली.

आता बॅलीकोऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. चारशे बारा वस्तीचं गाव. एकशे सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वी आयर्लंडच्या लीट्रिम काउंटीतून आलेल्या वीस-बावीस कुटुंबांनी वसवलेलं. त्यांच्या सहाव्या पिढीतल्या फक्त तिघांनी प्रत्यक्ष आयर्लंड पाहिलं होतं, आणि तिघांनाही तिथे फार पाऊस लागला होता. पण लीट्रिमबद्दल सगळे असे बोलायचे, की जणू ते पलीकडच्या मक्याच्या शेतामागेच आहे. कॉस्मस नंदाखालबद्दल असंच बोलायचा, त्यामुळे त्याची आणि गावाची पहिल्या आठवड्यातच गट्टी जमली.

गावाचं स्वतःच्या इतिहासावर अतोनात प्रेम होतं. चौकापासून चर्चपर्यंत अकरा पितळी पाट्या होत्या आणि त्यांतल्या नऊ पाट्यांवर तिथे आता काय नाही, ते लिहिलं होतं. इथे लोहाराचं दुकान होतं, जळालं. इथे शाळा होती, बंद पडली. पाट्यांची व्यवस्था हेरिटेज सोसायटी बघायची. सभासद नऊ, अध्यक्ष मॉरीन टिअर्नी, वय वर्षं चौऱ्याऐंशी. तुस्कानोंच्या घरापासून तिसरं घर तिचं.

सोसायटीचं एकच मोठं दुःख होतं. आयर्लंडमध्ये जुन्या काळी गावोगाव एखाद्या संताची पवित्र विहीर असायची. लोक तिला प्रदक्षिणा घालत, पाण्यात नाणं टाकत आणि शेजारच्या झुडपाला चिंधी बांधत. चिंधी कुजली की दुखणंही जातं, अशी समजूत. इथे आलेल्या पहिल्या मंडळींना अशीच एक विहीर बॅलीकोऱ्यात सापडली होती, असं एका पाद्रीबाबांनी जुन्या पत्रात लिहून ठेवलं होतं. कुठे, ते मात्र लिहिलं नव्हतं. सोसायटीने १९७४ पासून चार ठिकाणी खणून पाहिलं. त्यांतलं एक ठिकाण सेप्टिक टँक निघालं. त्याला पाटी लावलेली नाही.

चौथ्या वर्षीही ते वर्तुळ ठरल्या वेळी उघडं पडलं, तेव्हा चार नोंदी पुरेशा मानून ज्युडिथने तिथे लोखंडी सळई खुपसली. वीतभर मातीखाली लाकडाचा आवाज आला. कॉस्मसने माती काढली, सडक्या फळ्या उचलल्या, आणि खाली दगडांचं गोल बांधकाम दिसलं. त्यात काळंशार, स्वच्छ दिसणारं पाणी होतं. ‘स्वच्छ दिसणारं’ हे शब्द ज्युडिथचे.

“विहीर!” कॉस्मस ओरडला आणि त्याने ब्रॅम्पटनला थोरल्या बहिणीला फोन लावला.

थोरली बहीण म्हणजे फिलोमिना, अख्ख्या नात्यात फिलूबाय. जूनमध्ये डिम्पलचं ॲलरॉयशी लग्न होतं आणि फिलूबायला त्यात एकच गोष्ट सलत होती: उंबराचं पाणी. आपल्या वसईतल्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी बायका लाल चौकड्यांची लुगडी नेसून, बँड लावून, उंबराच्या झाडाजवळच्या विहिरीवर जातात, वाजतगाजत पाणी आणतात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. पण ब्रॅम्पटनच्या हॉलमागे विहीर कुठली? गेली पंचवीस वर्षं ते पाणी गार्डन होजमधून काढलं जात होतं. एका जानेवारीत होज गोठली, तेव्हा हॉलच्या वॉशरूममधल्या नळावरून काढलं. बाहेर बँड जोरात वाजत होता, आणि दार उघडून आतून एक अनोळखी पंजाबी आजोबा हात जोडत बाहेर आले.

“खरी विहीर आहे?” फिलूबायने विचारलं. “दगडाची?”

“दगडाची.”

“उंबर नाही ना?”

“लायलॅक आहे.”

“चालेल. परदेशात आहोत, थोडं पुढेमागे चालायचंच. ज्युडिथला सांग, माझ्या आंघोळीला होजचं पाणी नाही चाललं हो, तिच्या लेकीला तरी का चालावं?” फिलूबायचं लग्न वसईकडच्या आगाशीत झालं होतं, पंचेचाळीस वर्षांपूर्वी. फोन ठेवायच्या आत तिने बँड ठरवला होता.

ज्युडिथ कायद्याने चालणारी बाई. ती टाउनशिपच्या, म्हणजे तिथल्या पंचायतीच्या, ऑफिसात गेली. तिथे ब्रेंडा नावाची क्लार्क मंगळवारी आणि गुरुवारी बसायची.

“विहिरीचा नोंदणी क्रमांक?” ब्रेंडाने विचारलं.

“नोंदणी नाही. आताच सापडली.”

“मग ती विहीर नाही.”

“काय आहे?”

“खड्डा. खड्ड्याला परवानगी लागत नाही, कुंपण लागतं. कुंपणाचा अर्ज हा. किती खोल?”

“दोन मीटर दहा. पैकी पाणी एक मीटर वीस सेंटिमीटर.”

ब्रेंडाने पेन खाली ठेवलं. “पाणी साठ सेंटिमीटरच्या वर असेल तर आमच्याकडे तो स्विमिंग पूल धरतात.”

ज्युडिथ घरी परतली ती स्विमिंग पूलचं परमिट घेऊन. ते समोरच्या खिडकीत सर्वांना दिसेल असं लावणं सक्तीचं होतं. कॉस्मस दोन दिवस हसत होता. तिसऱ्या दिवशी समोरचा फर्गस टॉवेल घेऊन आला.

फर्गस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता, त्याचा डावा गुडघा दुखायचा आणि त्याला प्रत्येक विषयात सल्ला देता यायचा. त्याने विहिरीत डोकावून पाहिलं आणि सांगितलं, “यात एक ट्राउट सोडा. मासा जगला तर पाणी चांगलं.”

“एका माशावरून काही सिद्ध होत नाही,” ज्युडिथ म्हणाली.

“मग दोन सोडा.”

ज्युडिथने मासे न सोडता नमुना पाठवला. निकाल यायचा तोच आला: गुरांच्या आणि माणसांच्या पोटात राहणारे जिवाणू, मर्यादेच्या कितीतरी वर. तिने ठरवलं, डिम्पलच्या आंघोळीच्या बादलीत या पाण्याचा एकच तांब्या पडेल, तोही वीस मिनिटं उकळून. काठावर पाटी रोवली: ‘हे पाणी पिऊ नये. — जे. तुस्कानो, एम.एस्सी.’

जूनच्या त्या शुक्रवारी दुपारी चार वाजता चर्चच्या पार्किंगमध्ये तेवीस गाड्या लागल्या. साठ माणसं उतरली, त्यांत लाल लुगड्यातल्या अठरा बायका, दोन ट्रम्पेट, एक सॅक्सोफोन आणि एक ढोल. ढोल वाजवणारा ॲलरॉयचा चुलता, एरवी ट्रक चालवायचा आणि ढोलही त्याच जोमाने हाणायचा. बॅलीकोरा खुर्च्या घेऊन अंगणात आलं. डिम्पल छत्रीखाली चालता चालता पुटपुटत होती, “ओ माय गॉड, मम्मी, दे आर ऑल वॉचिंग.” फिलूबाय पुढे, डोक्यावर कळशी, चालण्यात असा रुबाब की वाटेतला कचऱ्याचा ट्रक आपण होऊन थांबला.

विहिरीपाशी पोचल्यावर थांबायचं होतं. पण ट्रम्पेटवाल्यांची चाल अर्ध्यात आली होती आणि ते थांबेनात, म्हणून फिलूबायने बायकांना विहिरीभोवती तीन फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या फेरीत तिच्या लुगड्याचा काठ लायलॅकमध्ये अडकून टरकन फाटला आणि पट्टी झुडपावरच राहिली. पाणी काढल्यावर तिने विहिरीत एक नाणं टाकलं. पाणी फुकट नेऊ नये, अशी तिच्या आईची शिकवण.

लग्न उत्तम झालं. सोमवारी सकाळी आठ वाजता ज्युडिथने मागचं दार उघडलं, तर मॉरीन टिअर्नी हातात रोझरीची जपमाळ घेऊन विहिरीपाशी उभी.

“ज्युडिथ डियर,” ती कुजबुजली, “तुम्हांला कोणी सांगितलं?”

“काय?”

“तीन प्रदक्षिणा. नाणं. झुडपाला चिंधी. माझी आजी अगदी असंच सांगायची. आणि बायकांची मिरवणूक, वाजंत्री लावून! त्रेचाळीस वर्षं आम्ही शोधतोय, डियर. त्रेचाळीस.”

ज्युडिथने तिला आत नेऊन चहा दिला आणि सगळं क्रमाने समजावून सांगितलं: वसई, उंबर, ट्रम्पेटची चाल, काठ कसा फाटला. वीस मिनिटं लागली. मॉरीनने शांतपणे ऐकलं आणि तिच्या हातावर थोपटलं.

“संतांचं असंच असतं. त्यांना कामाला माणसं लागतात. माणसांना ते माहीत असायलाच हवं असं नाही.”

दुपारी सोसायटीची तातडीची सभा भरली आणि नऊ विरुद्ध शून्य मतांनी विहीर पवित्र ठरली. त्या वर्षी देशाला दीडशे वर्षं होत होती आणि पाटी, बाक किंवा झेंड्याचा खांब यांपैकी काहीही मागितलं तरी सरकारी अनुदान मिळत होतं. सोसायटीने तिन्ही मागितलं.

पहिली चिंधी फर्गसने बांधली. चिंधी कसली, गुडघ्याला बांधायचा पट्टाच त्याने लायलॅकला अडकवला, आणि चार दिवसांनी तो काठीशिवाय पोस्टात गेला. पोस्टमास्तरीण पाहून खुर्चीतून उठली म्हणे. त्यानंतर मात्र काही आवरेना. जुलैच्या मध्यापर्यंत लायलॅकवर मोजे, रिबिनी, एक टाय, दवाखान्यातला हाताला लावायचा पट्टा आणि कोणाच्या तरी हिवाळी टोपीचा गोंडा लटकत होता. शेजारच्या गावातून म्हाताऱ्यांची बस आली. वीस जणांनी प्रदक्षिणा घातल्या आणि सतरा जणांनी वॉशरूम वापरलं.

हे एक वेळ ज्युडिथने सहन केलं असतं. पण लोक ते पाणी प्यायला लागले. एकतीस वर्षं जिने एका प्रांताला पाणी पिण्यापासून रोखलं, तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच परसात, तिच्याच कपाने. तिने प्रयोगशाळेचा निकाल मोठ्या अक्षरांत छापून काठावर लावला. लोकांनी तो भक्तिभावाने वाचला. “बघा,” एक बाई दुसरीला म्हणाली, “सरकारने तपासलेलं आहे.” ज्युडिथने निकालावर लाल शाईने आकडा गोल केला. त्यावर बसमधल्या एका गृहस्थांनी इतका मोठा आकडा पाहून टोपी काढली. शेवटी तिने विहिरीवर जाळी बसवून कुलूप लावलं आणि शेजारी उकळून गार केलेल्या नळाच्या पाण्याचा पिंप ठेवला. फर्गस म्हणाला, चव तीच आहे.

कॉस्मस मात्र कधी नव्हे इतका खुलला होता. येणाऱ्याला तो चहा द्यायचा. कप कमी पडले म्हणून त्याने बेसमेंटमधलं पहिलं खोकं फोडलं, मग बशांसाठी दुसरं, मग सहज म्हणून तिसरं. पाहुण्यांना तो विहिरीची माहितीही द्यायला लागला. ज्युडिथने खिडकीतून एकदा ऐकलं, तर त्यात एक आंधळी गाय आली होती.

“ही गाय कुठून आली?” तिने रात्रीच्या जेवणाला विचारलं.

“असते गं एखादी. लोकांना बरं वाटतं.”

“तिचा पुरावा काय?”

“ज्युडी, गाय मेलीय. पुरावा कुठून देणार?”

ऑगस्टच्या सुरुवातीला टाउनशिपचं पत्र आलं. हेरिटेज सोसायटीच्या अर्जावरून विहिरीला अधिकृत वारसास्थळाचा दर्जा देण्याचा विचार असून महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी सभेत निर्णय होईल. दर्जा मिळाल्यावर मालकाला विहीर बुजवता, हलवता, झाकता किंवा कुलूपबंद करता येणार नाही. खाली ब्रेंडाने हाताने लिहिलं होतं: ‘स्विमिंग पूलचे परमिट परत करावे.’

ज्युडिथने घरांच्या व्यवहाराच्या एजंटला फोन करून विचारलं, असं घर विकायचं झालं तर? एजंटने फॉर्म काढून पाहिला. मग म्हणाला, “मॅडम, आमच्या फॉर्मवर फायरप्लेसचा चौकोन आहे, हॉट टबचा आहे. पवित्र विहिरीचा नाही.”

म्हणजे सभेने हो म्हटलं की कॉन्डोचा प्रश्न आपोआप मिटला. इतकी वर्षं जे तिने ठरवलं नाही ते नऊ म्हाताऱ्या माणसांच्या अर्जावर दुसरेच कोणी हात वर करून ठरवणार होते. ज्युडिथला याचा फार राग आला. ठरवायला आपण कितीही वेळ लावू, पण ठरवायचं आपणच, असं तिचं मत होतं.

त्याच आठवड्यात पाऊस ओढ देऊन बसला आणि विहिरीतलं पाणी चाळीस सेंटिमीटरने उतरलं. ज्युडिथ शिडी लावून, टॉर्च घेऊन खाली गेली. दगडांमधला गिलावा तिला पहिल्यापासून खटकत होता. तो जुना चुना नव्हता, बाजारातलं साधं सिमेंट होतं. पण एका निरीक्षणावर बोलायचं नाही म्हणून ती गप्प होती. आता तिला सपाट काँक्रीटचा तळ लागला, बाजूला लोखंडी नळी दिसली, दुधाचे कॅन टांगायचे चार आकडे दिसले, आणि ओल्या सिमेंटमध्ये बोटाने कोरलेली अक्षरं: आर. जे. विल्सन, १९३८.

वाचनालयातल्या जुन्या नकाशावर तुस्कानोंच्या घराच्या जागी ‘विल्सन डेअरी’ असं लिहिलेलं होतं. रॉबर्ट ऊर्फ बॉब विल्सन हा गावातला त्या काळचा एकमेव कडवा प्रॉटेस्टंट, पंचक्रोशीतल्या ऑरेंज लॉजचा प्रमुख. ऑरेंज लॉज म्हणजे कॅथलिकांच्या दारावरून दर जुलैत ढोल बडवत मोर्चा काढणाऱ्यांची संघटना. थोडक्यात, ती विहीर नव्हती. दूध थंड ठेवायची टाकी होती, आणि तिच्या मालकाने संताला अंगणात उभंही केलं नसतं.

ज्युडिथने आधी फिलूबायला फोन केला, कारण लेकीच्या आंघोळीचा प्रश्न होता.

“दुधाची टाकी?” फिलूबायने विचारलं.

“होय.”

“डिम्पलचं लग्न झालंय ना?”

“झालंय.”

“मग मरेपर्यंत हे कोणाला सांगू नकोस.” आणि तिने फोन ठेवला.

कॉस्मसने सगळं ऐकून घेतलं. तो बशा पुसत होता. “सभेत सांगून टाक,” तो म्हणाला. “दर्जा मिळणार नाही, घर मोकळं होईल. पद्मजाला कळव.”

“आणि मॉरीन?”

“तिला वाईट वाटेल. पण तू खोटं बोलू शकत नाहीस, माहीत आहे मला. तुला पुरळ उठतं.” मग तो खोक्यात कप भरायला लागला. एकच कप त्याने तीनदा कागदात गुंडाळला आणि तीनदा सोडला. ज्युडिथने ते पाहिलं, आणि वहीत लिहिलं नाही.

सभेला कम्युनिटी हॉल भरून गेला. मेयर, जे एरवी हार्डवेअरचं दुकान चालवायचे, टेबलामागे बसले होते. कोपऱ्यात बटर टार्टचे चार ट्रे होते. पद्मजाचा दुपारीच मेसेज आला होता: ‘परवा एकतीस. विचारून दमले.’ ज्युडिथ उभी राहिली आणि तिने सहा स्लाइड दाखवल्या. सिमेंट, तळ, नळी, आकडे, नकाशा, नाव. एकही शब्द जास्त नाही. 

“आणि माझा गुडघा?” फर्गसने मागून विचारलं.

“गुडघ्याबद्दल माझ्याकडे माहिती नाही.”

“म्हणजे मी बॉब विल्सनच्या टाकीला पट्टा बांधला? माझे आजोबा बॉब विल्सनला रस्त्यात दिसला तर थुंकायचे!” फर्गसने गुडघा वाकवून पाहिला. “दुखत तर नाही,” तो अत्यंत नाखुशीने म्हणाला.

ज्युडिथ मॉरीनकडे बघायचं टाळत होती. पण मॉरीनच उठून उभी राहिली.

“टाकीच आहे ती,” ती म्हणाली. “मला ठाऊक आहे. मी पाच वर्षांची असताना तीत पडले होते. बॉब विल्सनने केसाला धरून बाहेर काढलं आणि म्हणाला, घरी सांगू नकोस पोरी, मी कॅथलिक वाचवला हे लॉजला कळलं तर माझं काही खरं नाही. मी आजवर सांगितलं नाही. शब्द म्हणजे शब्द.”

सोसायटीचे आठ सभासद खुर्चीत वळून तिच्याकडे बघायला लागले.

“मग तुम्ही त्या दिवशी रोझरी घेऊन...” ज्युडिथने विचारलं.

“रोझरी माझ्या हातात नेहमीच असते, डियर. आणि त्या बायकांना गाताना पाहून मला आजी आठवली, हेही खरं. पण संताचं म्हणाल, तर तो तिथे मी आणून ठेवला.” तिने काठीवर भार टाकला. “तुमच्या घरात तुमच्या आधी तीन कुटुंबं राहून गेली. चांगली माणसं. मी विचारायची, राहणार ना? ती म्हणायची, बघू. आणि बघता बघता दारात ट्रक लागायचा. शाळा गेली, बँक गेली. चर्चचा बॉयलर दोन हिवाळे बंद होता, तो तुमच्या कॉस्मसने एका दुपारी चालू केला. फ्युनरलनंतरच्या जेवणात तुमच्या त्या पॅटिसनंतर आमच्या सँडविचला कोणी हात लावत नाही. चार वर्षं मी तुम्हांला विचारतेय आणि तुम्ही म्हणता, नीट सांगता येत नाही. माझं वय चौऱ्याऐंशी. मला किती थांबता येईल? वारसास्थळाचं घर लवकर विकलं जात नाही. माझ्या बहिणीचं सहा वर्षं पडून आहे.”

“म्हणजे तुम्ही आम्हांला अडकवत होता?”

“होय,” मॉरीन म्हणाली, आणि खाली बसली.

हॉलमध्ये कोणीतरी हसू दाबलं, ते दुसऱ्या कोणाला तरी दाबता आलं नाही. मेयरनी टेबलावर हातोडी आपटली. सोसायटी अर्ज मागे घेत असेल तर प्रश्न मिटला, ते म्हणाले. पण ब्रेंडाने हात वर केला.

“मिटला नाही. अर्ज मागे घेताना मालकाचा हेतू नोंदवावा लागतो. राहणार की विकणार. रकाना रिकामा ठेवता येत नाही.”

“‘अनिश्चित’ चालेल?” ज्युडिथने विचारलं.

“दोनच चौकोन आहेत,” ब्रेंडा म्हणाली.

साठ-सत्तर माणसं ज्युडिथकडे बघत होती. दोन महिने त्यांनी तिचं वॉशरूम वापरलं होतं, तिच्या लायलॅकवर मोजे टांगले होते, तिचा निकाल वाचून टोप्या काढल्या होत्या, आणि एका चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईने तिला दिवसाढवळ्या गंडवलं होतं. मिसिसागातल्या तीस वर्षांत तिला कोणी गंडवण्याच्या लायकीचंही समजलं नव्हतं. तिसऱ्या रांगेत कॉस्मस बुटांकडे नजर लावून बसला होता, निकालाच्या दिवशी पोरं बसतात तसा.

तिला आठवलं, चार नोंदी पुरेशा धरून तिने सळई खुपसली होती. या गावातही चार वर्षं झाली होती; पाचवं कशाला हवं होतं, हे तिला आता सांगता आलं नसतं.

“ब्रेंडा, लिहा,” ती इंग्रजीत म्हणाली. मग तिसऱ्या रांगेकडे वळली, आणि हॉलमधल्या एकाच माणसाला समजेल अशा भाषेत, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, “कॉस्मस, आपण इथेच राहणार आहोत.”